निघोज्यातला झावळ्यांचा रविवार

चांदभाईच्या टेम्पोत मागे तीन माणसं बसली होती आणि त्यांतल्या भावाबहिणीचं एकमत होतं. रणभिसे कुटुंबात असं क्वचित घडे, म्हणून इंदूला जरा काळजीच वाटत होती.

"हळू बोल," ती म्हणाली. "पुढं पाळकसाहेब बसलेत."

"ऐकू देत. त्यांच्याशी ठरवूनच निघालोय," शमुवेल म्हणाला. "उपासना झाली की ते जाहीर करतील. निघोज्याचं सुवार्तेचं ठाणं बंद. आई-बाबा याच टेम्पोनं पिंपरीला. गाद्या बांधायला दोर घेतलाय मी."

"दोरसुद्धा?"

"ताई, बाबा मोईच्या उतारावर सायकलवरून पडले. मागं बाजाची पेटी बांधलेली. आणि आई काय म्हणाली, तर पेटीला काही झालं नाही. दोघं रस्त्यात बसून हसत होती. चांदभाईला विचार, त्यानंच उचललं."

दीड वर्षापूर्वी त्यांचे वडील ज्योतीराम पेनिसिलिनच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि निरोपाचा हार गळ्यात असतानाच मंडळीच्या सुवार्ता समितीपुढे जाऊन उभे राहिले होते. आम्हा दोघांना कुठंतरी पाठवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. समितीला वाटलं, महिनाभरात परत येतील. घरच्यांनाही तसंच वाटलं. इंदू चिंचवडच्या शाळेत शास्त्र शिकवायची. साठीतलं हाड मोडलं की कसं आणि किती वेळाने सांधतं हे तिला माहीत होतं, आणि म्हणून ती भावाच्या बाजूने होती. रंभा, शमुवेलची बायको, कुणाच्या बाजूने होती हे कळायला मार्ग नव्हता. तिच्या तोंडासमोर शिंदीच्या झावळ्यांचा भारा होता.

"रंभा, तुझं काय?"

"माझं काय," झावळ्यांमागून आवाज आला. "घर त्यांचंच आहे."

निघोज्याच्या वेशीवर दोघं उभीच होती. ज्योतीरामांनी कोट घातला होता आणि कोटाच्या बाहीला माती लागली होती. रुक्मिणीबाई टेम्पो थांबायच्या आतच टेम्पोबरोबर चालू लागल्या.

"सलाम, पाळकसाहेब. किती छान दिवस निवडलात. आज गावची यात्रापण आहे."

रेव्हरंड हिवाळ्यांनी दिवस निवडला नव्हता, ईस्टरच्या आधीचा हा रविवार पंचांगाने नाही, तर चर्चच्या वर्षाने ठरत असे. पण हे सांगायला त्यांना सवडच मिळाली नाही. चांदभाई टेम्पो वळवून पिंपरीतल्या मंडळीची चाळीस माणसं आणायला निघून गेला आणि इकडे मिरवणूक सुरू झाली. निघोज्याच्या लोकांना मिरवणुकीचं वावडं नव्हतं. पोरं आली, बाया आल्या, फेटे बांधलेले म्हातारे आले. ज्याला त्याला झावळी मिळाली. ज्योतीरामांच्या गळ्यात पेटी, रुक्मिणीबाईंच्या हातात झांज. 'होसान्ना'चा अर्थ कुणी विचारला नाही, पण म्हटलं सगळ्यांनी, आणि जोरात म्हटलं.

मारुतीच्या देवळापाशी मिरवणूक वळली तेव्हा माळावरच्या शर्यतीच्या घाटातून कर्ण्याचा आवाज आला. बैलगाड्यांची पहिली जोडी सुटायच्या बेतात होती. रेव्हरंड डोळे मिटून गात होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा रस्त्यावर रणभिसे कुटुंब उरलं होतं, आणि दूर माळाच्या चढावर पन्नास-साठ झावळ्या पळत चालल्या होत्या.

"येतील," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "शर्यत संपली की येतील. झावळ्या टाकल्या नाहीत कुणी, बघा."

---

उपासना गवराबाईच्या कांद्याच्या वखारीत होत असे. कांदा अजून शेतात होता, वखार रिकामी होती; पण मागच्या वर्षीच्या कांद्याचा वास भिंतींनी सोडला नव्हता. वर पत्रा. खाली शेणाने सारवलेली जमीन, त्यावर सतरंजी, आणि एका खोक्यावर पांढरं कापड घालून वेदी केलेली. रेव्हरंडांनी घड्याळ काढून खोक्यावर ठेवलं. दहाला वीस मिनिटं कमी होती.

"तोवर तुमचं कार्य सांगा," ते म्हणाले. "समितीपुढे ठेवायचं आहे. आठवडा कसा जातो?"

रुक्मिणीबाईंना हा प्रश्न फार आवडला. असं कुणी विचारलंच नव्हतं.

"सोमवारी मोई," त्या म्हणाल्या. "हे सायकल धरतात, मी पेटी धरते, असे चालत जातो. येताना उतार आहे म्हणून हे बसतात."

"आणि पडतात," शमुवेल म्हणाला.

"एकदाच. मंगळवारी चिखली. तिथं त्या नव्या शेडमध्ये लातूरकडची पोरं कामाला आहेत, त्यांना गाणी शिकवतो. बुधवारी बाया शिवणाला येतात माझ्याकडे."

"बुधवारी तू मला सुईत दोरा ओवायला बसवतेस," ज्योतीराम म्हणाले. "हे पण सांग."

"ह्यांची नजर चांगली आहे अजून. गुरुवारी मुलांचे डोळे धुतो, बोरिकच्या पाण्यानं. शुक्रवारी उपास."

"म्हणजे शेंगदाणे," ज्योतीराम म्हणाले.

"अहो, तुम्ही खाता. मी नाही. आणि शनिवारी चाकणचा बाजार. पिंपळाखाली उभं राहून दोन गाणी म्हणायची आणि शुभवर्तमानाच्या पुस्तिका वाटायच्या. मिरचीवाला आम्हाला जागा धरून ठेवतो."

रेव्हरंडांनी चष्मा पुसला. "आणि बाप्तिस्मे किती झाले?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एकही नाही," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "पण गवराबाईच्या नातवाला 'प्रभूची प्रार्थना' पाठ आहे. तो बैलांना म्हणून दाखवतो."

रंभा खोकली. हसू लपवायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. शमुवेलने रेव्हरंडांकडे असं पाहिलं, की बघा, मी म्हणत नव्हतो का. रेव्हरंडांनीही मान हलवली, आणि ती हालचाल रुक्मिणीबाईंना दिसली. त्या क्षणी त्यांना कळलं की ही माणसं प्रभुभोजनासाठी आलेली नाहीत. टेम्पोच्या कोपऱ्यात दोराचं वेटोळं होतं, तेही त्यांनी मघाशी पाहिलं होतं. त्यांनी पदर खोचला.

"इंदू, फळीवरून बरणी काढ. रसाची."

---

बरणी पत्र्याखालच्या फळीवर होती. मंडळीत प्रभुभोजनाला द्राक्षारस म्हणजे मनुकांचा रस. मद्याचा थेंब चालत नसे, आणि रेव्हरंड हिवाळे तर जिल्ह्याच्या दारूबंदी संघाचे चिटणीस होते. इंदूने हात वर केला आणि थांबली. बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं तेलात सोडलेल्या पुरीसारखं फुगलं होतं. तिने कान जवळ नेला. आत बारीक, सतत, फसफस चालली होती.

"आई, कधी केलास?"

"बुधवारी. शनिवारी बाजार असतो ना."

"उकळलास?"

"चांगला उकळला. मग फिका वाटला, म्हणून गार झाल्यावर वरून मूठभर कोऱ्या मनुका टाकल्या. चाळीस माणसांना पुरला पाहिजे. का गं?"

उकळल्याने जे मेलं होतं ते मूठभर कोऱ्या मनुकांनी परत आत नेऊन सोडलं होतं. साखर होती, पत्र्याची ऊब होती, आणि बुधवार ते रविवार एवढा वेळ होता. फळ्यावर लिहावं इतकं सरळ होतं ते. एक वाक्य बोललं असतं, तर रेव्हरंडांना काही जाहीर करावं लागलं नसतं. ठाणं तिथंच बंद झालं असतं, दारूबंदी संघाच्या चिटणिसांदेखत. टेम्पोत ठरलेलं सगळं एका वाक्यात पार पडलं असतं.

आईने नवं लुगडं नेसलं होतं आणि मनुका निवडून तिच्या बोटांची टोकं काळी झाली होती.

"काही नाही," इंदू म्हणाली, आणि बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून, न हिंदकळू देता, खोक्यावर नेऊन ठेवली.

फडकं सोडलं ते ज्योतीरामांनी. अठरा वर्षं त्यांनी कारखान्यात दोन मजली टाक्यांशेजारी उभं राहून काढली होती; आत काहीतरी जिवंत आहे हे काचेतून पाहायच्या आधी त्यांना आवाजावरून कळायचं. बरणीशी वाकल्यावर त्यांना तो आवाज ऐकू आला. त्यांनी वर पाहिलं. समोर इंदू उभी होती. बाप-लेकीची नजर भेटली आणि दोघांनीही ती घाईने दुसरीकडे नेली. ज्योतीराम पत्र्याकडे पाहू लागले, इंदू सतरंजीकडे.

"टेम्पो आला नाही अजून," शमुवेल म्हणाला. "थांबायचं का, पाळकसाहेब?"

"दहा वाजले," रेव्हरंड म्हणाले. "उपासनेची वेळ टेम्पोवर ठरत नाही. लोक येतील ते येतील."

आणि त्यांनी बरणीवर दोन्ही हात पसरून, संबंध बरणीवर, चाळीस माणसांसाठी केलेल्या साऱ्या रसावर आशीर्वाद उच्चारला.

एकेक घोट झाला. रेव्हरंड क्षणभर थबकले.

"मनुका उत्तम आहेत," ते म्हणाले.

"नाशिकच्या," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

शेवटचं गीत चालू असताना दाराशी चांदभाई उभा राहिला. तो चालत आला होता.

"साहेब, टेम्पो ओढ्यापलीकडंच राहिला. रस्ता बंद केलाय, गाड्यांच्या शर्यतीसाठी. संध्याकाळपर्यंत सोडणार न्हाईत. तुमची माणसं तिकडंच उतरली."

"मग चालत का आली नाहीत?"

"येत होती. वाटेत घाट लागतो ना." चांदभाईने पायाकडे पाहिलं. "तुमच्या समितीच्या उपाध्यक्षसाहेबांनी पाटलांच्या बैलावर शर्त लावलीय."

माळावरून "भिर्रर्र" अशी आरोळी आली आणि हजार माणसं एकदम ओरडली. रेव्हरंडांनी बरणीत पाहिलं. बरणी जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली होती.

नियम सगळ्यांना माहीत होता, कारण तो रेव्हरंडांनीच मंडळीला वेळोवेळी शिकवला होता. एकदा आशीर्वाद झालेला रस ओतायचा नाही, ठेवायचा नाही. जे हजर असतील त्यांनी तो आदराने संपवायचा.

"पेले आहेत का?" त्यांनी विचारलं.

"पितळी आहेत," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मोठे आहेत."

---

पहिला पेला सगळे उभ्याने, गंभीरपणे प्यायले. दुसऱ्याला बसले. रंभाला तहान लागलेलीच होती, शिवाय रस गोड होता आणि जिभेला जरा गुदगुल्या करत होता. तिला वाटलं, आई रस फार छान करतात, आणि हे आपण त्यांना कधी सांगितलं नाही. म्हणून तिने सांगितलं.

"आई, तुम्ही रस फार छान करता."

"घे की अजून," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांचे गाल लाल झाले होते.

"घशाला थोडं चरचरतं," रेव्हरंड म्हणाले.

"पत्रा तापलाय, साहेब," ज्योतीराम म्हणाले. "आणा तुमचा पेला, मी थोडा माझ्यात घेतो." ते पहिल्या पेल्यापासून प्रत्येकाच्या पेल्यातलं थोडं स्वतःच्या पेल्यात घेत होते. बरणी लवकर रिकामी व्हावी एवढाच त्यांचा हेतू होता. रंभाला मात्र वाटलं, आपले सासरे फार प्रेमळ आहेत.

तिसऱ्या पेल्यानंतर रेव्हरंडांना आठवलं की लहानपणी ते राहुरीला रॉकेलच्या डब्यावर ठेका धरत. असा एक डबा वखारीच्या कोपऱ्यात होता. ज्योतीरामांनी पेटी ओढली. शमुवेलने, ज्याला शाळेत गाण्याच्या वर्गातून काढलं होतं, वरचा सूर लावला आणि तो कुणालाच खटकला नाही. रुक्मिणीबाई झांज घेऊन उठल्या आणि बसल्याच नाहीत. त्या गोल फिरू लागल्या, मग रंभाचा हात धरून दोघी फिरू लागल्या. रंभाला माहेर सोडल्यापासून कुणी हात धरून फिरवलं नव्हतं.

तेवढ्यात भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन गवराबाई दारात आली. वखारीची मालकीण, म्हातारी, शर्यतीला न गेलेली गावातली बहुधा एकटीच. ती बघत उभी राहिली.

"रुक्मिनबाय, आज लईच किरपा झाली म्हनायची."

"झालीच गवराबाई. या ना."

गवराबाई आत आली, टोपली उतरवली, नाक वर केलं. मग इंदूजवळ येऊन हळूच बसली.

"पोरी, ह्यो वास कांद्याचा न्हाई."

"नाही, मावशी."

"आमचं मालक होतं तवर रोज सांच्याला ह्योच वास यायचा घरात. पर ते असं गात न्हवतं." तिने डबा बडवणाऱ्या रेव्हरंडांकडे पाहिलं. "म्या काय बोलत न्हाई. तुमच्या देवाचा मामला हाय."

गाणं थांबलं ते रेव्हरंडांना गहिवरून आलं म्हणून. त्यांनी ज्योतीरामांचा हात हातात घेतला.

"बंधू, असं सुरेख ठाणं. आणि मी ते बंद करायला आलो हो."

शमुवेल सतरंजीच्या कडेची दशी ओढू लागला.

"तुमच्या मुलानंच सांगितलं," रेव्हरंड पुढे म्हणाले. "चांगला मुलगा आहे. दोरपण घेऊन आलाय."

"दोर मी पाहिला," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "शमू, खरं सांग. आम्ही पडतो, झडतो, म्हणून न्यायला आलास?"

"हो," शमुवेल म्हणाला. मग त्याने विचार केला, आणि त्या दुपारी विचार तोंडात यायला मध्ये काही अडसर नव्हता. "नाही. थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी येतो. तू असताना दार उघडताना बडबडायचीस. आता रंभा दार उघडते आणि परत जाऊन झोपते. घरात कुणी बोलतच नाही."

"तुम्ही येता आणि पडता," रंभा म्हणाली. "बोलू कुणाशी, उशीशी?"

"ताईसुद्धा हो म्हणाली होती."

"मी सकाळी हो म्हणाले होते," इंदू म्हणाली. "आता नाही म्हणते."

"आता काय झालं?"

"प्रयोगाचा निकाल वेगळा आला," इंदू म्हणाली. तीन पेले झाल्यावर तिला हे फार विनोदी वाटलं आणि ती बराच वेळ एकटीच हसली.

रुक्मिणीबाई झांज मांडीवर ठेवून खाली बसल्या.

"शमू, तू लहान होतास तेव्हा आधी खडकी, मग पिंपरी. ह्यांची शिफ्ट. लग्न झाल्यापासून मी ह्यांना दिवसा झोपलेलंच पाहिलं. पोरांनो हळू, बाबा झोपलेत. भांडं हळू ठेव, बाबा झोपलेत. माणूस कसा चालतो, बाजारात मिरची कशी घेतो, ऊन लागलं की टोपी कशी सारखी करतो, मला काही माहीत नव्हतं. इथं आल्यावर कळलं. इथं हे दिवसा जागे असतात. हे माझ्याशी भांडतात, पाळकसाहेब. दुपारी बारा वाजता. तुम्हाला नाही कळायचं ते केवढं सुख आहे."

रंभा उठली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली. बसताना ती थोडी कलंडली, पण बाजू कोणती ते सगळ्यांना दिसलं.

"मी ह्यांना दिवसा झोपलेलंच पाहते," ती म्हणाली.

शमुवेलने वर पाहिलं. आई, बायको आणि बहीण समोर एका ओळीत बसल्या होत्या. त्याने गवराबाईकडे पाहिलं. ती भाकरी मोडत होती आणि तिचं मत चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"मग राहू देत," तो म्हणाला. "पण मी दर रविवारी येणार. आणि बाबा उतारावर सायकलवर बसणार नाहीत."

"थांबा. ठराव मला मांडू द्या." रेव्हरंड उठायला गेले, उठले नाहीत, आणि बसल्या जागेवरूनच बोलू लागले. मग अचानक ते थांबले. त्यांनी रिकामा पेला नाकाशी नेला. खूप वेळ तसाच धरला.

"इंदू, तू शास्त्र शिकवतेस. हे काय होतं?"

माळावरचा गलका एकदम थांबला. तिकडे कुणीतरी हरलं असावं.

"मनुकांचा रस होता, पाळकसाहेब," इंदू म्हणाली. "बुधवारी."

रेव्हरंडांनी पेला खाली ठेवला. रुक्मिणीबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्यांनी आधी बरणीकडे पाहिलं, मग आपल्या काळ्या बोटांकडे.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "मी पाळकसाहेबांना..."

"चार पेले," रेव्हरंड म्हणाले. "मी हाताने मोजले नाहीत, पण पायांनी मोजले." त्यांचे खांदे हलू लागले. रडतायत की काय म्हणून शमुवेल पुढे सरकला, तर ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आणि आशीर्वाद मीच दिला. सगळ्या बरणीला. थांबायचं का असं तू विचारलंस, शमुवेल, आणि मी म्हणालो, दहा वाजले."

"मला खरंच माहीत नव्हतं, साहेब."

"मला माहीत आहे तुम्हाला माहीत नव्हतं, रुक्मिणीबाई. समितीला मी काय सांगू तेवढं सांगा."

"खरं सांगा," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"सांगतो. झावळ्यांच्या रविवारी साऱ्या गावाने होसान्ना म्हटलं. पिंपरीची मंडळी शर्यतीला गेली. उरलेल्या सहांनी नियम पाळला, आणि चिटणिसांना उठता आलं नाही. हे ऐकून समिती मलाच निघोज्याला पाठवील." त्यांनी डोळे पुसले. "तोवर तुम्ही सांभाळा. आणखी दोन वर्षं. पण हे मी तुमच्या एकटीच्या शब्दावर लिहिणार नाही. पडले ते ज्योतीराम. सायकल ढकलायची आहे त्यांना. त्यांनी हो म्हटलं तर ठाणं चालू."

सगळे ज्योतीरामांकडे वळले.

ज्योतीराम पेटीवर डावा गाल टेकून, कोटासकट, पाय सतरंजीबाहेर पसरून गाढ झोपले होते. पाच माणसांच्या पेल्यांतला थोडा थोडा वाटा त्यांच्या पोटात गेला होता. श्वासाबरोबर पेटीच्या एका पट्टीवर बोट दाबलं जात होतं, पण भात्यात हवा नसल्यामुळे सूर निघत नव्हता. भर दुपार होती.

शमुवेलने आईकडे पाहिलं. रंभानेही पाहिलं. हसायचं की नाही हे कुणालाच ठरवता येईना.

रुक्मिणीबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याचं बोट पट्टीवरून अलगद काढलं, झांज आवाज न करता बाजूला ठेवली आणि बोट ओठांवर धरून सगळ्यांना गप्प केलं, जसं त्या सगळं आयुष्य करत आल्या होत्या.

"झोपू द्या," त्या कुजबुजल्या. "उद्या सोमवार आहे. मोईला जायचंय."